एका सीडीत अख्खा जिल्हा

गोरेगावच्या स्टँडवर बस जरा उशिरानं यावी, असं रविताबाईला जन्मात पहिल्यांदाच वाटत होतं. मागच्या बाकावर कोसमटोल्याचे म्हातारे तेजरामजी कचेरीतल्या संगणकवाल्या उमेंद्रला गाठून बसले होते, आणि तिचे कान तिकडेच लागले होते.

"बोअरिंगचा अर्ज वापस काऊन आला, बापू? म्हणते, असा गावच नाई."

"काका, आमी जिल्ह्याच्या माहितीचा ठोकळा बनवला. एका अंगाले गावं, दुसऱ्याले सालं, तिसऱ्याले सोयी."

"बरा केला. मंग?"

"लय मोठा झाला. गावोगाव वाटाले एका सीडीत बसवाचा होता, म्हणून रिकामे खण काढून टाकले."

"आमचा कोणता खण रिकामा होता?"

"सगळेच. शाळा शून्य, रस्ता शून्य, बोअरिंग शून्य."

"म्हणजे बोअरिंग नाई म्हणून गाव नाई, आन् गाव नाई म्हणून बोअरिंग नाई."

"घाबरू नका. पुढच्या साली एका खणात एक टाकतो, गाव दिसाले लागल."

"कायचा एक?"

"बोअरिंगचा."

"आन् माहा अर्ज?"

"आता अर्ज कायले? बोअरिंग असलेल्या गावाले दुसरी देत नाई."

"मंग पानी त्या सीडीतून काढू का?"

"सीडी तुमाले भेटनार नाई, काका. वाटपाची यादी त्याच ठोकळ्यातून काढली."