ताठ मानेचा पुस्तकवाला

पुस्तक बघून योगासनं शिकणार असाल, तर आधी माझं ऐका. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. आमच्या गावातल्या सात रस्ता चौकात जुनी पुस्तकं विकणारा एक म्हातारा बसायचा, पाठ आणि मान अगदी ताठ. "घरच्या घरी शिकायला ह्येच घ्या, लई चांगलं हाय," म्हणाला. त्याची बैठक बघूनच मी पुस्तक घेतलं.

दुसऱ्या दिवशी हलासन करत होतो. पाठीवर झोपून पाय डोक्यामागं टेकवलेले, आणि बायको पुढची कृती वाचून दाखवत होती. ती एकदम थबकली.

"अहो, कडेला कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय. पहिला दिवस, छान वाटलं. चौथा दिवस, मानेत चमक. नववा दिवस, मान वळंना."

"आणि दहावा?" मी तसाच घडी होऊन ओरडलो.

"दहावा न्हाईच हो!"

पाय खाली कसे आले, ते अजून ठाऊक नाही. तसाच सात रस्ता गाठला.

"आजोबा, खरं सांगा, हे पुस्तक ज्याचं होतं तो माणूस जिवंत आहे का?"

म्हातारा मान न वळवता खांद्यांसकट अख्खाच माझ्याकडं वळला.

"हाय की," म्हणाला. "तुमचा कितवा दिवस?"