फरक दोन ओळींचा

—नाही वहिनी, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, या स्टुलावर बसा. आणि बोलायचं जरा हळू, पलीकडे नुसती फळीची भिंत आहे. साहेब जेवायला गेलेत, अर्धा तास तरी येत नाहीत. तुम्ही तीनदा आलात आणि तीनदा मी तुम्हाला फाटकावरूनच परत पाठवलं, ते काय मला बरं वाटलं असेल? पण राहती खोली कंपनीची, वडील अंथरुणाला खिळलेले, साहेबांनी एक शब्द काढला की आठ दिवसांत आमचं सामान रस्त्यावर — जाऊ दे, ते तुम्हाला कशाला सांगतोय मी. तुमचं म्हणणं एवढंच ना, की तीन नंबरच्या थंड खोलीचा आतला खटका अडकतो अशी तुमच्या यजमानांनी तक्रार केली होती? आणि कंपनी म्हणते, केलीच नव्हती, ते स्वतःच गाफील राहिले. केली होती. त्या आठवड्यात सोमवारी सकाळी या खिडकीशी उभे राहून त्यांनी सांगितली आणि मी टाइप केली. मग ती गेली कुठे? साहेबांनी काढायला लावली. शनिवारी ते त्या खोलीत अडकून गेले, रविवारी अंत्यविधीहून परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साहेब माझ्या मागे उभे राहिले — ‘ती ओळ काढ.’ काढली. काय करणार होतो?

पण एक गोष्ट साहेबांना ठाऊक नाही. या नोंदवहीच्या फाइलची दर बुधवारी आपोआप एक नक्कल निघते आणि दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसते. म्हणजे शनिवारच्या आधीची वही जशीच्या तशी आहे. जुनी ही, आत्ताची ही; त्या सोमवारनंतर ही वही बंद करून नवी सुरू केली, म्हणून हिच्यात पुढचं काही नाही. पानं उलटत बसायची गरजच नाही — इथं या काळ्या खिडकीत लिहायचं डिफ, मग जुन्या फाइलचं नाव, मग नव्या फाइलचं, आणि एंटर. दोन्ही सारख्या असल्या तर हे अक्षरही उमटवत नाही. फरक असला तर तेवढ्याच ओळी दाखवतं. बाणाचं टोक डावीकडे असलेली ओळ जुन्या फाइलमधली, उजवीकडे असलेली नव्यातली. बघा आता.

हे — अठरावी ओळ. पुढं डी आहे ना, म्हणजे काढून टाकलेली. वाचा तुम्हीच. ‘खोली तीन, आतून खटका ढकलला तरी दार उघडत नाही, दोनदा तोंडी सांगून झाले.’ त्यांचंच बोलणं आहे ते, मी नुसतं उतरवलं. ‘सांगून झाले’ असंच म्हणायचे ते, नाही का? — असू दे, पुसा डोळे, घाई नाही. म्हणजे घाई आहे, पण असू दे.

काय? खाली? खालचं काही नाही, ते आपलं — हे यंत्र सगळंच दाखवतं हो, आपल्याला हवं तेवढंच दाखव म्हणून सांगता येत नाही. ती खोल्यांची यादी आहे, रोजची. सी म्हणजे बदललेली ओळ. जुनीत ‘खोली तीन, खटका, दुरुस्ती बाकी’, नवीत ‘खोली तीन, खटका, चालू’. तीही साहेबांनीच... तेव्हाच, सोमवारी...

नाही. साहेबांनी नाही.

असं बघू नका माझ्याकडे. मला वाटलं होतं, मी ते बुधवारी दुपारी केलं, नक्कल निघायच्या आधी. म्हणजे दोन्हीकडे ‘चालू’च असेल. गुरुवारी केलं होतं वाटतं, सकाळी. तपासनीस येणार होते, यादीत एकही ‘बाकी’ दिसता कामा नये असं दर वेळी असतं, आणि मिस्त्री रजेवर, शुक्रवारी येणार. मी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न, आला की तोंडी सांगीन. शुक्रवारी मिस्त्री आला, त्यानं यादी बघितली, बाकी काही नाही, गेला चार नंबरच्या मोटारीकडे. आणि मी — वडिलांना त्या दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं, मी अकरालाच निघालो. सांगायचं राहिलं. एवढंच. राहून गेलं, वहिनी. शनिवारी ते आत गेले.

मिस्त्रीला घरी बसवलंय, माहीत आहे ना? त्याच्यावर ठपका आहे, खटका बघितला नाही म्हणून. परवा भेटला वाटेत. म्हणाला, ‘यादीत नव्हतं रे, शपथेवर सांगतो.’ मी म्हटलं, असेल. तीन महिने हेच चाललंय — घरी गेलो की खोली कंपनीची, इथं आलो की ही वही समोर, रस्त्यावर मिस्त्री. कुठं जाऊ मी?

कागद हवाय? देतो. एक करू का — वरचीच ओळ छापून देतो. तुमचं काम त्या ओळीनं होतं, त्यांच्यावरचा डाग जातो, साहेब अडकतात. खालची ओळ कुणाला हवीय? तिनं माणूस परत येणार आहे का? — वहिनी, खालच्या ओळीवर बोट का ठेवताय?

बरं. बरं, सगळं छापतो. हे घ्या, दोन्ही ओळी आल्यात. आता ठेवा पिशवीत — पेन कशाला? सही? माझी? छापलेला कागद आहे की, तारखेसकट. पण हो, नुसता कागद कुणीही छापून आणेल, तेही खरंच आहे. द्या. अठराव्या ओळीपुढं ‘साहेबांच्या सांगण्यावरून मी काढली’. आणि इथं... इथं काय लिहू? ‘मी बदलली.’ बास, एवढंच, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

घ्या. उठा आता, मागच्या जिन्यानं जा, आणि आधी मिस्त्रीच्या घरी जा, मग बाकीकडे. घरी वडिलांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. नाही, पाणी नको मला. तुम्ही जा.