गाळावरची येळवस

माझं माहेर पालमकडचं, लगीन करून ह्या खदानीच्या वस्तीला आले. आमचे हे खदानीत दगड फोडायचे, मी घमेलं उचलायचे, अन् तिथल्याच दगडाचं दोन खनाचं घर ह्यांनी वड्याच्या काठाला बांधलं, दाराम्होरं कडुलिंब लावला. हे गेले, लिंब राह्यला. दुपारी त्याच्याखाली पडलं की खदानीची घरघर पार लांबून आल्यावानी वाटायची, डोळा कवा लागायचा कळायचं न्हाई.

खदानवाले दगडाची वाळू करतेत, ती धुतेत, अन् धुतलेला पांढुरका गाळ वर एका बांधाआड सोडतेत. गाळाचं तळंच म्हना की. त्याच्या खाली पयलं घर माझं, मंग सगळी वस्ती. तळं भरत आलं, बांध उंच करायचं निघालं, अन् भुई हलली तं बांध टिकंल का हे बघायला शहरातून एक इंजिनेर बाई आली. आमच्याकडं भुई मधून मधून हलती, तुमाला म्हाईतच हाय, भांडे वाजतेत, मानसं बाहीर पळतेत, मंग हासतेत. बाई नळ्या ठोकून गाळ काढायची, मी डबे धरायचे.

मंग येळवस आली, मार्गशीर्षातली आवस. त्या दिवशी आमी रानात जेवतोत, वाटंवरच्यालाबी उपाशी जाऊ देत न्हाईत, मंग बाईला कसं सोडावं, तिलाबी बोलावलं. अन् आमची अक्कल बगा, रानात ढेकळं, काटे, अन् गाळ वरून वाळून सारवल्यावानी गुळगुळीत झालता, तं आमी त्याच्यावरच पंगत मांडली. भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातल्या पातळ आंबिलीचं मडकं. ऊन लय गोड पडलतं. जेवून पोरींनी फुगडी धरली, अन् काय सांगू तुमाला, खाली भुई डोलायली, पाळन्यात बसल्यावानी. मडक्यात आंबिलीवर लाटा उठायल्या, मी बघत बसले, मला तं झोपच यायली, लय बरं वाटायलं. तेवढ्यात बाई आली अन् कडंलाच थांबली. पोरींच्या पायाखालून पानी वर येयला लागलं. बाई हळूच म्हनली, फुगडी थांबवा मावशी, एकेकीनं इकडं चला, पळू नका.

कडंला आलो तं तिनं आमाला एकेकीला मोजून घेतलं. म्हनली, मावशी, हे वरून वाळलंय, आत पाणीच पाणी आहे. फुगडीनं एवढं होतंय, तर भूकंपात सगळ्याची आंबील होईल. आणि खदानवाल्यांना नवा बांध ह्याच गाळावर चढवायचाय, स्वस्तात होतो म्हणून. मी होऊ देणार नाही.

खदानवाल्यांना तिचं ऐकावं लागलं. मंग बांध कसा, तं बाहीरच्या अंगानं, पक्क्या मुरमावर, पायात दगड, पानी निघायला वाट. बाहीरच्या अंगानं म्हंजी माझ्या घराच्या जागंवर. हे सांगायला बाई सोता आली, लिंबाखाली बसली. मला लय राग आला. म्हनलं, जेवाया बोलावलं तं घरच मागायलीस का गं? ती तिथंच बसून राह्यली. वर माळावर जागा मिळनार व्हती, पन ह्यांच्या हातची भित कुठं मिळनार. लय दिस मी व्हय म्हनले न्हाई. लिंबाखाली डोळा लागला की त्या पोरी दिसायच्या, गरगर फिरायलेल्या, अन् खाली पांढरं पानी. त्यांचे घरं माझ्याच घराच्या खाली हायेत. शेवटी म्हनलं, घे बाई. ह्या भितीचे दगडबी घे, बांधाच्या पायात घाल, ह्यांनी निवडून आनलेले हायेत.

आता मी माळावर ऱ्हाते. हितून नवा बांध दिसतो. परवा सकाळी चा पेतानी भांडे वाजले, सगळे बाहीर पळाले, मी बांधाकडं बघत बसले. जागचा हलला न्हाई. खाली पोरी हासत हासत घरात गेल्या.

येळवसंला आंबिलीचा पयला घोट मी बांधाकडं तोंड करून भुईवर वतते. म्हनते, माय, तुला हलू नको कसं म्हनावं, पन पोटातलं लेकरू हलतं ना, तशी हळू हल.