प्रश्नचिन्हापुढचा अधिक

...आणि काम तरी काय होतं हो? प्रश्नचिन्हापुढचं तेवढं वाचायचं, बस्स! तुम्हाला सांगतो, रक्तपेढीचा फोन कायम गुंतलेला, म्हणून वेबसाइट केली. माणसानं रक्तगटावर बोट टेकवायचं, की वर वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह येतं आणि त्यापुढे गट, तो माझ्या स्क्रिप्टनं वाचायचा आणि पिशव्या आहेत की नाहीत ते सांगायचं. साहेब म्हणाले, "डोकं कशाला चालवतोस? फुकटचं प्लगइन आहे ना, आयतं जोडायचं, ते वाचेल." लावलं. तपासलंसुद्धा, उगाच नाही... माझाच गट टाकून, बी निगेटिव्ह. चोख उत्तर! म्हटलं, झालं, प्रश्नचिन्हापुढचं तेवढं तर वाचायचंय.

तीन आठवड्यांनी ताईचं ऑपरेशन. बहीण सख्खी, पण गट बी पॉझिटिव्ह. मध्येच डॉक्टरबाई बाहेर आल्या, "दोन पिशव्या लागतील, पटकन बघा." भावोजी पांढरेफटक. मी ऐटीत फोन काढला, म्हटलं थांबा, आपलीच वेबसाइट आहे... "या गटाचं रक्त उपलब्ध नाही." पुन्हा दाबलं. नाही. भावोजी म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलेल? दुसऱ्या गावी बघतो," आणि गाडीची किल्ली घेऊन निघालेसुद्धा! आणि मी, ज्यानं ते बनवलं तो, मीही विश्वास ठेवला हो!

मी त्यांच्यामागे धावलो, तर दवाखान्याच्या फाटकाशी रक्तपेढीतल्या बाई भेटल्या, डबा घेऊन कामावर चाललेल्या. "बी पॉझिटिव्ह? अरे, फ्रीज भरलाय. हल्ली कुणी मागायलाच येत नाही."

मागायलाच येत नाही... तिथंच फोन काढून वरचा पत्ता पुन्हा वाचला. पॉझिटिव्ह म्हणजे बीपुढे अधिकचं चिन्ह, आणि त्या प्लगइनच्या लेखी अधिक म्हणजे मोकळी जागा! नुसता बी उरला. असला गटच नाही, मग रक्त कुठलं? वजा बरोबर वाचतंय, अधिक गिळतंय, आणि म्हणे प्रश्नचिन्हापुढचं तेवढं वाचायचं!

ताई वाचली. शुद्धीवर आल्या आल्या कौतुकानं म्हणाली, "तुझ्या वेबसाइटवर मिळालं ना रे रक्त?" मी मान डोलावली. काय करणार?

दुसऱ्या दिवशी वेबसाइटच्या नोंदी उघडल्या. तीन आठवड्यांत एकेचाळीस जणांनी पॉझिटिव्ह दाबलं होतं, "नाही" वाचलं होतं आणि पान बंद केलं होतं. म्हटलं, एकेकाला फोन करावा, विचारावं, मिळालं का हो कुठे... कुणाला करणार? नाव नाही, नंबर नाही. प्रश्नचिन्हापुढे मी फक्त गटच मागितला होता.