तारेपल्याडच्या डॉक्टरीणबाई

माझं माहेर धर्मापुरीकडचं. आमी लिंगायत वाणी, वडील महादेवाला पाणी घातल्याबिगर दुकान उघडायचे न्हाईत. चार पोरींत मी तिसरी. आमच्या दुकानात एक नर्सबाई यायच्या, पांढरं लुगडं, हातात पेटी, आन् त्या आल्या की गल्लीतल्या म्हाताऱ्या बी सरकून जागा द्यायच्या, ते बघून मी वडलांना म्हणलं मला असं व्हायचंय. आई म्हणली लोकांचं रगत पुसायला पोरगी धाडता का, तर वडील म्हणले ती बी पूजाच हाय, जाऊ दे तिला. मग अंबाजोगाईला शिकले, आन् पहिली ऑर्डर आली ती नांदूरघाटाच्या आतल्या एका गावाला, उपकेंद्रावर. गावाचं नाव न्हाई सांगत, माणसं अजून हायेत तिथं.

उपकेंद्र म्हणजे काय, दोन खोल्या, एकीत दवाखाना, एकीत मी. माझे मालक मास्तर, पाटोद्याकडं शाळेवर, शनिवारी यायचे. पाच वाड्या माझ्याकडं, सगळ्या पायी. लसी, बाळंतपणं, तापाच्या गोळ्या, आन् त्याच्यावर रजिस्टरं भरायची ती येगळीच. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जायचं, मागं ऱ्हायच्या म्हाताऱ्या आन् काही दिवस भरलेल्या बाया, त्यांना कोण, तर मी. लोक लई जीव लावायचे, खोटं कावून बोलू, कुणी हुरडा आणायचं, कुणी भुईमुगाच्या शेंगा. अजून तो हुरड्याचा वास आला की मला ते गाव दिसतंय. पण काय सांगू तुमाला, एकलीनं ठरवायचं लई जड असतंय. ही बाई हितंच मोकळी करू का गाडीत घालून केजला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवू, विचारायला माणूस न्हाई.

एकदा एक तापाचं लेकरू आणलं, मी औषध दिलं आन् म्हणलं उद्या दाखवा. ते उद्यापस्तोर ऱ्हायलं न्हाई. त्याची आई उरलेलं औषध माझ्या टेबलावर ठिवून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तवापासून कडी वाजली तरी मी लवकर उठायची न्हाई, बायांवर खेकसायची, लेकरू रडलं तरी मला काही वाटायचं न्हाई, आन् काही वाटत न्हाई ह्याचंच भ्या वाटायचं. आता त्याला काय काय नावं हायेत, आमाला तवा एवढंच कळायचं की जीव इटला. मालकांना म्हणलं मी सोडते नोकरी. ते म्हणले, सोड, पण उन्हाळ्यापस्तोर थांब, मग बघू.

तेवढ्यात गावोगाव फोनच्या पिवळ्या पाट्या लागायला लागल्या. आमच्या दवाखान्यासमोर गफूरचाच्याचं शिलाईचं दुकान, त्यांनी मशीनीशेजारी फोन बसवला. आन् तालुक्याच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी सगळ्या सिस्टरांना चिठ्ठी धाडली, माझा नंबर लिहून ठिवा, अडलं की विचारा. मी ती चिठ्ठी पेटीच्या झाकणाला चिकटवली आन् इसरले. डॉक्टरला फोन करायचा म्हणजे आपल्याला येत न्हाई म्हणून सांगायचं, असं वाटायचं.

मग गावातल्या शेवंताचं बाळंतपण, माझ्या दवाखान्यातच. भर दुपार, पोरगी झाली, वार पडली, आन् रगत थांबंना. इंजेक्शन दिलं तरी थांबंना. पुढं काय करायचं ते मला शिकवलेलं व्हतं, पण त्या दिवशी डोकं निसतं कोरं. मी दारातनं वरडले, चाच्या, झाकणावरचा नंबर लावा. शेवंताची सासू पेटीचं झाकण घेऊन पळाली. चाच्या कानाला फोन लावून तिकडनं वरडायले, सासू रस्त्यात उभी, मी आत. चाच्या लई लाजाळू माणूस, बायांचं माप बी बायकोकडनं घ्यायचे, पण त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडले, बाई, डाक्टरीन पूछती पिशाब हुई क्या. न्हाई झाली म्हणलं. तर रस्त्यातनं सासूनं आत सांगितलं, नळी घाला म्हणत्यात. पोटावरनं गर्भाची पिशवी चोळा, नारळावानी घट होस्तोर सोडू नका म्हणत्यात. लेकरू छातीला लावा म्हणत्यात. मी करत गेले. मग चाच्या म्हणले, जीप निकली, और बोलती की मैं फोन नहीं रखती, तुम्हारे साथ हूँ. काय सांगू, नळीचं, पिशवीचं मला ठावंच व्हतं की, पण ते शेवटचं ऐकलं आन् माझे हात माझे झाले. पिशवी घट झाली, रगत कमी झालं. जीप आली, शेवंता वाचली.

मग मी रोज फोन करायची. कधी निसतं आज काही न्हाई बाई, एवढंच सांगायला. नोकरी सोडायचं डोक्यातनं गेलं.

वर्षभरानं एक दिवस यष्टीतनं एक बारकी बाई उतरली, दारात येऊन म्हणली, सिस्टर हायेत का, आन् मी आवाजावरनंच वळखलं, ह्या तर डॉक्टरीणबाई. आत घेतलं, भाकरी, येसराची आमटी वाढली. त्या दोन घास खाऊन रडायला लागल्या. म्हणल्या, तुम्हा सगळ्यांचा भार हलका झाला, तो कुठं गेला सांगू, माझ्याकडं आला. ओपीडीत फोन, जेवताना फोन, आन् एकटीनं ठरवायचं. आता घंटी वाजली की फोन उचलूच नये असं वाटतं. मला वाटायचं त्या डॉक्टर, त्यांना काय व्हायलंय. ते ऐकून माझी मलाच लाज वाटली.

आमी बसून ठरवलं. साधी इचारपूस दुपारी एकाच टायमाला. आसपासच्या चार उपकेंद्रांच्या नव्या सिस्टरांनी आधी मला विचारायचं, मला न्हाई जमलं तर त्यांना. जिवावरचं असंल तर मातर कवाबी, सरळ त्यांनाच. बाई म्हणल्या, सिस्टर, तुम्हाला जड होईल. मी म्हणलं, अर्धं मी धरते, अर्धं तुमी. तीन वर्षं तसं चाललं, माझ्या नोकरीतली ती सोन्याची वर्षं. मग त्यांची बदली झाली, लई लांब.

आता मी रिटायर, पाटोद्याला ऱ्हाते. शेजारची पोरगी उपकेंद्रावर हाय, तिच्या मोबाईलात डॉक्टरचं तोंड बी दिसतंय. पण त्याच मोबाईलवर सतरा तक्ते, फोटो धाडा, आत्ता धाडा. सांजच्याला येऊन माझ्या ओट्यावर बसती, मी तिला बोलू देते, मधी मधी हुं म्हणते. दुसरं माझ्या हातात काय हाय. महादेवाला एवढंच म्हणते, ह्या पोरींच्या मागं कुणीतरी उभं ऱ्हाऊ दे, आन् जो उभा ऱ्हाईल, त्याला बी एकलं पाडू नको.