गच्चीवरचे एकोणीस

...आणि वर मलाच म्हणते, "काका, एसी कसा चालतो ते सोप्या भाषेत सांगायचं तर..." मला सांगते? अहो, एक्याण्णवची लढाई संपल्यापासून अकरा वर्षं मी ह्या कुवेतात दुसरं करतोय काय? फरवानियातल्या निम्म्या इमारतींचे कॉम्प्रेसर ह्या दोन हातांनी बदललेत, आणि ही युनिव्हर्सिटीतली बाई, जिच्या खोलीतला एसी बंद पडला तर मलाच बोलावणं येणार, ती सालमियाच्या हॉलमध्ये मराठी मंडळाच्या दोनशे माणसांदेखत मला एसी शिकवते, आणि माणसं टाळ्या वाजवतात. कशाला वाजवतात? समोसा मिळायचा होता म्हणून.

आता मधूनच सुरुवात केली तर तुम्हाला तरी काय कळणार म्हणा. तुम्हाला सांगतो, भानगड झाली ती यूनुसमुळे. यूनुस म्हणजे आमचा हर्णैचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, जोडीदार. गेल्या ऑगस्टात भर दुपारी एक वाजता गच्चीवर पाना हातात असतानाच आडवा झाला. डोळे पांढरे. मी आणि आमच्याच टोळीतल्या हारिसने त्याला जिन्यातून खाली आणला, नळाखाली धरला, तेव्हा कुठे शुद्धीवर आला आणि पहिलं काय विचारलं? "पाना खाली पडला नाय ना रे?" असा माणूस. मला त्या दिवशी त्याच्या बायकोला फोनवर काय सांगायचं तेच सुचेना, खोटं सांगितलं, पोट बिघडलंय म्हणून.

मग आम्ही गेलो मुदीरकडे, म्हणजे कंपनीच्या मॅनेजरकडे. म्हटलं, उन्हाळाभर बारा ते तीन काम बंद ठेवा, हवं तर पहाटे चारला चढतो. तो म्हणाला, मला कागद आणून द्या. युनिव्हर्सिटीच्या डॉक्टर मुक्ता दामले उन्हाचाच अभ्यास करतायत, त्यांच्या कागदावर गच्ची तापते असं आलं, की बारा ते तीन सुट्टी. घ्या! गच्ची तापते ह्याला कागद लागतो. पायाला आलेले फोड कागद नव्हेत.

तर ह्या उन्हाळ्यात आल्या मुक्ताबाई. स्वभावाने गोड हो, नाही कशाला म्हणू, काका काका करत होत्या. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक यंत्र अडकवलं, काडेपेटीएवढं. "सोप्या भाषेत सांगायचं तर, हा डेटा लॉगर तुमच्या सभोवतालच्या सूक्ष्म-वातावरणाचं सातत्यपूर्ण मापन करतो." यूनुस माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "शत्रू, ही अवघड भाषेत कशी बोलत असेल रे?" शत्रू म्हणजे मीच, माझं नाव सगळ्यांनी अर्धं करून टाकलंय. पंधरा दिवस गळ्यात ठेवा, म्हणाल्या, आणि गेल्या.

आता ऐका हं, इथेच आमची माती झाली. ते यंत्र ज्या खोक्यातून आलं ना, त्यावर चिकटवलेलं होतं, चाळीस डिग्रीच्या वर ठेवू नये. आमच्यातल्या अक्षयने वाचून दाखवलं, तो बारावी शिकलेला. चाळीस! गच्चीवर पन्नास! मग आम्ही काय करावं? दुसऱ्याची वस्तू आहे, युनिव्हर्सिटीची, नाजूक, बिघडली तर तोंड कसं दाखवायचं? आम्ही कोकणातली माणसं, शेजाऱ्याची परात आणली तर घासून परत करतो. तर सकाळी गळ्यात, नऊ वाजता ऊन चढलं की काढून बर्फाच्या डब्यात, लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटल्यांशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि संध्याकाळी उतरताना परत गळ्यात. पंधरा दिवस एक दिवस चुकलो नाही. परत देताना बाई म्हणाल्या, "इतकी व्यवस्थित कुणीच सांभाळली नव्हती." मी तर खूश. अहो, यूनुसने बाईंना खजुराचं खोकं दिलं.

आणि मग तो शुक्रवारचा कार्यक्रम. 'संशोधन आपल्या दारी' म्हणे. पुढच्या रांगेत आमचा मुदीर, शेजारी फोरमन कमाल, तो मिसरी, म्हणजे इजिप्तचा, त्याला मराठीचं ओ की ठो कळत नाही, पण पडद्यावरचा आकडा कळतो ना. बाईंनी बटण दाबलं. हा एवढा मोठा आकडा. एकोणीस डिग्री.

"सोप्या भाषेत सांगायचं तर," बाई म्हणाल्या, "गच्चीवरच्या कामगारांभोवतीचं तापमान सरासरी फक्त एकोणीस आहे. सुरुवातीला आम्हीही चकित झालो. पण कारण सोपं आहे. हे लोक दिवसभर एसीच्या जवळ असतात."

मी यूनुसकडे बघितलं, यूनुसने माझ्याकडे. अहो, गच्चीवरचा एसी घरातली उष्णता बाहेर फेकतो. आमच्या तोंडावर फेकतो. चुलीच्या तोंडाशी बसलेल्या बाईला गारवा लागतो का? लहान पोराला कळेल, पण डॉक्टरला कळायला अनुदान लागतं.

उठलो. म्हटलं, मॅडम, चूक आमची आहे, ते यंत्र दिवसभर बर्फाच्या डब्यात होतं. सगळ्यांदेखत सांगितलं, अब्रू गेली तर गेली, यूनुस तरी वाचेल.

"छान प्रश्न, काका," बाई म्हणाल्या. प्रश्न कुठे होता? "सोप्या भाषेत सांगायचं तर, एकट्या माणसाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढता येत नाही. आता एसी कसा चालतो ते सांगते..." आणि सुरू. यूनुस म्हणाला, माझंही डब्यात होतं. अक्षय म्हणाला, माझंही. तेवढ्यात मंडळाच्या योगिनीबाईंनी माईक घेतला, "वेळेअभावी इथेच थांबू या, अल्पोपाहार तयार आहे." कमालने मागे वळून मला अंगठा दाखवला, "शत्रू, नो हॉट. दुक्तूरा बोला, नो हॉट."

दुसऱ्या दिवशी मी युनिव्हर्सिटीत गेलो. गेटवरून आत सोडलं नाही, म्हणाले जनतेसाठीचा कार्यक्रम काल झाला. चिठ्ठी ठेवली. तिचं उत्तर यायचं आहे.

आता बाईंचा तो एकोणीस डिग्रीचा कागद गच्चीच्या दारावर चिकटवलाय, मुदीरच्या सहीशिक्क्याचा. काल बारा वाजता त्याच्यासमोरून चढलो. यूनुस डोक्यावर ओला पंचा टाकून कॉम्प्रेसरशी बसला, पाना फडक्यात धरून, श्वास टाकत. मला भीती वाटते हो, दर दहा मिनिटांनी हाक मारून बघतो. तर तोच मला विचारतो, "शत्रू, मेल्या, सोप्या भाषेत सांग, किती डिग्री असेल आता?"

"एकोणीस," म्हटलं. "स्वेटर घाल."