वाटूर फाट्यावरचा हॉर्न

उषाबाई : आधी ती बॅटरी खाली ठिवा. मंग बोलू.

भुजंग : बोलायचं काही राह्यलंच न्हाई. राधेश्याम जीप घिऊन निघालाय. त्या पंचाच्या दारात उभा राहून हा हॉर्न वाजवणार मी. त्याचे कान फुटेस्तवर! शिट्टी फुकायला लई मजा येती का? आता हे ऐक म्हणावं.

उषाबाई : तो शाळेवरचा मास्तर. दिवसभर पोरं सांभाळून घरी येईन, तं दारात तुम्ही. शोभतं का हो? दुकानासमोर दोन ट्रक उभे हायेत कवाचे. एकाचा दिवा लागंना, दुसऱ्याचा सेल्फ. ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आला. आन वायरमन निघाला कबड्डीची भांडणं करायला!

भुजंग : कबड्डी न्हाई, उषा. जालना! जालन्याचं नाक कापलं त्यानं. फायनल, घरच्या मैदानावर, आन शेवटच्या चढाईला आपली तृप्ती. दोघींना हात लावून परत आल्ती पोरगी. मधल्या रेघेवर पाऊल पडायचं तेवढं राह्यल्तं. आन ह्यानं शिट्टी मारली. म्हणे दम तुटला, बाद! एका गुणानं गेली फायनल. परभणीच्या पोरी नाचून राह्यल्या आन आम्ही आपल्या माना खाली घालून.

उषाबाई : तुमच्या माना खाली जाणं काय आजचं हाय?

भुजंग : तेच तं म्हणून राह्यलो मी! इतकी वर्षं झाली. एक कप, एकच कप बघू दे ना डोळ्यानं. क्रिकेटची टीम केली, एक बरा बॉलर निघाला, तं पुण्यानं नेला. खो-खोची पोरं सेमीफायनलला गेली, तं जर्सीवर दुसऱ्याच गावाचं नाव छापून आलं. उलट्या घालून खेळले बिचारे! सरावाला मैदान मागावं, तं मैदानात प्रदर्शन. आकाशपाळणा! आता पोरांनी सराव काय पाळण्यात बसून करायचा?

उषाबाई : आन इतकं करून तुम्ही जालन्याचे बी न्हाई. वाटूरचे.

भुजंग : आधार कार्डावर जिल्हा कोणता हाय माझ्या? वाच.

उषाबाई : मला नका शिकवू. लग्न झाल्यावर पहिल्यांदा जालन्याला नेलं मला. मला वाटलं बाजार दाखवत्याल, साडी घेत्याल. खो-खो बघायला नेलं! तेबी हरले. येताना एसटीत अख्ख्या वाटंनं बोलले न्हाई माझ्याशी, जसं काही मीच बाद झाल्ते.

भुजंग : त्या दिवशीबी पंच खराब होता.

उषाबाई : तुमच्या टीमला चांगला पंच भेटलाच न्हाई का हो कधी?

भुजंग : हा तं पहिल्यापासूनच आपल्या वाइटावर. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं ना. दोनदा आमच्या बॅनरकडं बोट केलं त्यानं. गप म्हणे! आमच्या मैदानावर आम्हीच गप बसायचं? मंग म्या अजून जोरात दाबला.

उषाबाई : काय दाबला?

भुजंग : हॉर्न! बॅनरच्या मागं बांधला होता ना. चार तोंडाचा, सोताच्या हातानं बनवलेला. इतकी वर्षं नुसतं घसा फोडून ओरडलो, काय फायदा झाला? म्हणलं, फायनलला असा आवाज काढू की परभणीवाल्यांचे पाय लटपटले पायजे. कुठून वाजून राह्यला कोणाला पत्ता लागला न्हाई. अख्खं मैदान इकडंतिकडं बघून राह्यलं.

उषाबाई : घ्या. जिचं नाव काढलं ती दारात. ये गं तृप्ती. मीनाताईला सांगून आलीस ना?

तृप्ती : आईला माहितीय. मामी, पाणी द्या आधी. फाट्यावर उतरून पळत आले. मामा, तुम्ही निघालात का?

भुजंग : तुझ्यासाठीच निघालो, माय. तुला ज्यानं बाद दिलं ना, त्याला आज...

तृप्ती : नका जाऊ.

भुजंग : तू बोलूच नको ह्यात. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लोक काय लिहून राह्यले, वाचलं का? म्हणे पोरीतच दम न्हवता. मी एकेकाला बराबर उत्तर दिलं. माझ्या बहिणीची लेक हाय म्हणलं, ह्या हातानं मैदानावर नेलीय तिला, फ्रॉकमधी व्हती तवापासून. तिचा दम काढता काय? एक जण धावडा गावचा, त्याला तं असं सुनावलं की ग्रुप सोडून पळाला.

तृप्ती : त्यांचं चुकलं नाही. मीच सांगितलंय तसं. आमच्या टीमच्या सरांना. दम तुटला म्हणून.

भुजंग : तू सांगितलं?

तृप्ती : हो.

भुजंग : कामून? तुटला होता का?

तृप्ती : नाही.

भुजंग : बघ! बघ उषा! न्हवता तुटला! म्हणजे पोरीला दाबलं कोणीतरी. कोणी सांगितलं तुला असं बोलायला? त्या पंचानं? नाव सांग फक्त. जीप आधी त्याच्या दारात.

उषाबाई : अहो, तिला बोलू द्या! तृप्ती, खाली बस. तोंड पाह्यलं का तुझं, कसं उतरलंय. काय झालं?

तृप्ती : आज सरांनी बोलावलं होतं. राज्याच्या स्पर्धेला जिल्ह्याच्या टीमची नावं संध्याकाळी जाणार. माझं नाव नाही त्यात. म्हणाले, शेवटच्या चढाईला जिचा दम जातो, ती पोरगी मी राज्याला नेत नसतो.

भुजंग : नावच न्हाई?

तृप्ती : नाही. राज्याला खेळले असते तर सर्टिफिकेट भेटलं असतं. खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीचा फॉर्म भरता आला असता. दोन वर्षं त्यासाठीच चाललंय माझं. पहाटे पळायचं, कॉलेज, पुन्हा मैदान. गेलं सगळं.

भुजंग : न्हाई गेलं! असं कसं गेलं? हे बघ, ह्याच्यामुळंच तं जाऊन राह्यलो मी! एकदा त्या पंचानं लिहून दिलं की चूक झाली म्हणून...

तृप्ती : पंचाची चूक नव्हती मामा!

भुजंग : तूच म्हणलीस ना दम तुटला न्हाई?

तृप्ती : नाही तुटला. पण त्याला ऐकूच गेला नाही. चढाई करणाऱ्याचं कबड्डी-कबड्डी पंचाला ऐकू गेलं पाहिजे. नाही ऐकू आलं, तर दम तुटला असंच धरतात. तुम्ही मला पहिल्यांदा मैदानावर नेलं तेव्हा हाच नियम सांगितला होता.

भुजंग : मंग कामून न्हाई ऐकू आलं त्याला? बहिरा हाय का?

उषाबाई : अहो.

भुजंग : काय अहो?

उषाबाई : काही न्हाई. तो बॅटरीवरचा हात काढा जरा.

भुजंग : तू काय सुचवून राह्यली? माझा हॉर्न? अख्खं मैदान ओरडून राह्यलं होतं, ढोल व्हता, शिट्ट्या व्हत्या, आन माझाच हॉर्न दिसला का? इतका काय मोठा न्हाई त्याचा आवाज. तुझाच आवाज मुळात बारीक, तृप्ती. किती वेळा सांगितलं, पोटातून काढ, पोटातून.

तृप्ती : मामी, तुम्ही त्या टायरपाशी उभ्या राहा. पंच तेवढ्याच अंतरावर होता. मामा, तुम्ही हॉर्न दाबा. मी दम धरते.

भुजंग : हा काय पोरखेळ लावला?

तृप्ती : दाबा ना. इतका मोठा नाही ना आवाज? मग दाबा!

(हॉर्न वाजतो. ट्रकमध्ये झोपलेला ड्रायव्हर उठून बसतो, फाट्यावरची कुत्री भुंकायला लागतात. हॉर्न थांबतो.)

तृप्ती : मामी, मी काय म्हणत होते?

उषाबाई : तोंड हलून राह्यलं होतं तुझं. कबड्डी-कबड्डीच म्हणत असशीन, दुसरं काय.

तृप्ती : मामा, तुम्ही सांगा. तुम्ही तर माझ्याजवळ उभे होता. काय म्हणत होते मी?

भुजंग : ...कबड्डी.

तृप्ती : नाही. 'मामा, बंद करा' म्हणत होते. 'मामा, बंद करा, मामा, बंद करा.' ओरडून. नाही आलं ना ऐकू? त्या दिवशी तर तेही म्हणता येत नव्हतं मला. कबड्डी सोडून दुसरा शब्द काढला की बाद. दोघी पायाला लटकल्या होत्या, त्यांना ओढत रेघेपर्यंत आले, आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. बॅनरकडे बघितलं. मला माहिती होतं तुम्हीच आहात. दुसरं कोण असणार? मनात म्हटलं, मामा, थांबा, एकदा थांबा. तुम्ही अजून दाबला.

भुजंग : मंग त्यानं खेळ थांबवायचा ना! पंच कशाला ठिवलाय? मला सांगायचं!

तृप्ती : दोनदा सांगितलं तुम्हाला. बोट करून.

उषाबाई : आन तुम्हाला वाटलं तो परभणीचा.

भुजंग : तू गप! तुला काय कळतं त्यातलं? एक मॅच जिंकू दिली न्हाई मला जन्मात ह्या जालन्यानं! म्या काय वाईट केलं? पोरीला जोर यावा म्हणून...

तृप्ती : तुम्हाला जिंकू दिली नाही? मामा, गुडघा माझा सुजलाय. वळ माझ्या दंडावर आहेत. तुम्ही बसता कडेला, ओरडता, हॉर्न दाबता, आणि जिंकलो की आपण जिंकलो. हरलो की पंच चोर, मैदान खराब, पुणं वाईट. माझं कोणी विचारलं का? आज चार दिवस झाले, तुम्ही मला फोन केलात का एक? ग्रुपवर भांडत होता! माझ्यासाठी म्हणे. मला नको होतं ते!

उषाबाई : बोल, तृप्ती. बोल. मला इतक्या वर्षांत जमलं न्हाई ते.

भुजंग : मंग तिथंच कामून न्हाई ओरडली माझ्यावर? सगळ्यांसमोर सांगायचं. सरांना सांगायचं, हॉर्नमुळं झालं म्हणून. दम तुटला म्हणून खोटं बोलायची काय गरज व्हती?

तृप्ती : सर चिडले होते. सगळ्यांना विचारत होते, हॉर्नवाला कोण. म्हणाले, सापडला तर जालन्याच्या एकाही मॅचला त्याला पाय ठेवू देणार नाही. कबड्डी नाही, खो-खो नाही, काहीच नाही. मी सांगणारच होते. खरंच. तेवढ्यात गेटवर तुम्ही दिसलात. माझी पाण्याची बाटली धरून उभे होता. रडत होता मामा तुम्ही. मला म्हणालात, तुझी काही चूक न्हाई, माय. मग मी परत गेले आणि सरांना म्हटलं, हॉर्नचं सोडा, माझाच दम तुटला.

उषाबाई : आन ह्या माणसाला कळलं बी न्हाई.

तृप्ती : मला वाटलं, एका मॅचनं काय होतंय. आज कळलं काय होतं ते. पण मी काही मागायला आले नाही मामा. जीप नका नेऊ, इतकंच सांगायला आले. तो मास्तर खरं बोलला. त्याच्या लेकरांसमोर त्याचा अपमान करू नका.

उषाबाई : हं. मंग आता जीप कोणाच्या दारात न्यायची हो? राधेश्याम येतच असंन. सांगा त्याला. इथंच उभी करू, ह्या दुकानासमोर? आपण दोघी घोषणा देऊ, तृप्ती.

भुजंग : पुरे, उषा.

उषाबाई : कामून पुरे? दुसऱ्या कोणाच्या हॉर्ननं ह्या पोरीचं नाव गेलं असतं, तं त्याचं दुकान पेटवायला निघाले असते तुम्ही.

भुजंग : पुरे म्हणलं ना! ...हॅलो, राधेश्याम? हां, मी बोलून राह्यलो. जीप वळव. न्हाई जायचं. अरे, न्हाई म्हणलं ना! पंच बराबर होता. हो, तेच म्हणलो. जे ऐकलं तेच. ठिव.

उषाबाई : पंच बराबर होता. मी कॅलेंडरवर खूण करून ठिवते आजच्या दिवसाची.

भुजंग : तृप्ती, नंबर लाव तुझ्या सरांचा.

तृप्ती : कशाला? मामा, नको. चिडलेत ते अजून.

भुजंग : चिडू दे. नावं संध्याकाळी जाणार म्हणलीस ना? लाव जल्दी.

तृप्ती : ते खरंच करतील. पुढच्या महिन्यात खो-खो आहे. तुम्हाला गेटच्या आतसुद्धा येऊ देणार नाहीत. कधीच.

भुजंग : खो-खोवाले हरतेतच. लाव.

तृप्ती : आणि मी खेळले राज्याला, तर?

भुजंग : तं तू खेळशीन. मी इथं ट्रकचे दिवे लावीन. तुझी मामी येईन बघायला. तिला कबड्डीतलं काही कळत न्हाई, पण गप बसती.

उषाबाई : मला सगळं कळतं. तुमच्यासोबत बसून बसून कळलंय.

तृप्ती : रिंग जातेय. मामा, अजून विचार करा.

भुजंग : दे इकडं. ...हां, हॅलो. नमस्कार, सर. वाटूर फाट्यावरून बोलून राह्यलो. हो, तृप्तीच्याच फोनवरून. न्हाई, तिचा मामा म्हणून न्हाई केला फोन. त्या दिवशी तुम्ही ज्याला हुडकून राह्यल्ते ना, सर, तो हॉर्नवाला बोलतोय.